शेफील्ड, कॅबरे व्होल्टेअर आणि घणाची दंतकथा

बेसूर

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या बँडांबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांत घण आदळतोच. पोलादाच्या कारखान्यांत रात्रभर घण चालायचे, पोरं त्या आवाजात लहानाची मोठी झाली, म्हणून पुढे त्यांनी तसलं ठोकाठोकीचं संगीत केलं. ऐकायला झकास आहे, पण मला पटत नाही. नुसत्या आवाजाने बँड निघत असते तर इचलकरंजीत मागांच्या खडखडाटावर डझनभर निघाले असते.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅबरे व्होल्टेअर म्हणजे १९७३ साली शेफील्डमध्ये जमलेलं त्रिकूट. ख्रिस वॉटसन, रिचर्ड एच. कर्क आणि स्टीफन मॅलिंडर. वॉटसन टेलिफोन इंजिनिअर होता. त्याच्या घराच्या माळ्यावर बसून हे तिघं टेपा कापायचे, चिकटवायचे, उलट्या वाजवायचे. लेखक विल्यम बरोज आणि चित्रकार ब्रायन गायसिन यांनी मजकुराची कात्रणं करून लिहिण्याचा जो उद्योग केला, तोच यांनी आवाजाशी केला. नाव उचललं झुरिकमधल्या १९१६ च्या दादावाद्यांच्या (कलेचे सगळे नियम उधळणाऱ्या कलावंतांच्या) क्लबवरून. तेव्हा पंक (रॉकचा तो रांगडा, आडदांड अवतार) यायलाच तीनेक वर्षं होती, म्हणजे ‘पोस्ट-पंक’, पंकनंतरचं प्रयोगशील संगीत, हा शिक्का मागाहून बसलेला. १९७८ ला लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी) काढली, १९७९ ला ‘नॅग नॅग नॅग’ हे गाणं आणि ‘मिक्स-अप’ हा अल्बम, १९८१ ला ‘रेड मेका’ हा अल्बम. त्याच साली वॉटसन बाहेर पडला.

माझं म्हणणं असं की हे घडलं ते स्वस्त जागा, स्वस्त बस आणि पालिकेचा पैसा यांमुळे. घण नंतर पत्रकारांनी चिकटवला. तुम्हाला काय वाटतं? शेफील्डला राहिलेलं कुणी आहे का इथे? आणि नव्या माणसाने सुरुवात कशापासून करावी?

चिंतातुर

‘कॅबरे’ वाचून हेलनवरचा धागा समजून धावत आलो. चालू द्या.

लोहार_भोसरी

मी उभा जन्म फोर्जिंगमध्ये काढला, त्यातली बरीच वर्षं ड्रॉप हॅमरच्या, म्हणजे वरून आदळणाऱ्या यंत्रघणाच्या, शेजारी. म्हणून ‘नॅग नॅग नॅग’ मुद्दाम शोधून ऐकलं. त्यात हॅमर कुठेही नाही.

हॅमरला ताल असतो, पण तो यंत्राचा नसतो, चालवणाऱ्याचा असतो. हॅमरमन पायाने पेडल दाबतो. तापलेला बिलेट (धातूचा ठोकळा) चिमट्यात धरून डायच्या, म्हणजे साच्याच्या, एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवतो. मधेच हवा मारून स्केल, म्हणजे वरची खपली, उडवायची. दोन हलके ठोके, मग तीन-चार जड, मग थांबा, मग पुढचा नग. अनुभवी माणसाचा हॅमर लांबून ओळखू यायचा, आज पाळीवर कोण आहे ते गेटपाशीच कळायचं. या गाण्यातला ठोका मात्र घड्याळासारखा एकसारखा आहे. ते ड्रम मशीन आहे, आणि तेही स्वस्तातलं.

शिवाय हॅमरचा आवाज कानाला जितका लागतो त्याहून जास्त पायाखालच्या जमिनीतून येतो. ते रेकॉर्डवर कसं येणार?

अस्मानी

लोहारकाका, दंडवत. संगीतसमीक्षा अशी हवी.

स्पूलवाला

बेसूर, घण पत्रकारांनी चिकटवला हे मात्र साफ चूक. या मंडळींच्या पहिल्याच कार्यक्रमात घण होता, खराखुरा, वाफेवर चालणारा. फक्त टेपवर.

१३ मे १९७५, शेफील्ड विद्यापीठाची विद्यार्थी संघटना. आयोजकांना सांगितलं होतं की आम्ही रॉक वाजवतो. लोक नाचायला आले होते. प्रत्यक्षात काय, तर तालासाठी वाफेच्या घणाच्या आवाजाचा टेप लूप, आणि वर लुकलुकणाऱ्या दिव्यांचं जाकीट घालून कर्क क्लॅरिनेट वाजवतोय. थोड्या वेळाने प्रेक्षक मंचावर चढले. हाणामारी झाली, कर्कने क्लॅरिनेटच शस्त्रासारखं फिरवलं, मॅलिंडरच्या पाठीच्या हाडाचा टवका उडाला आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं. अशी ही सुरुवात. आपल्याकडे फार तर अंडी-टोमॅटो येतात.

मुद्दा हा की घण त्यांनी स्वतः निवडून आणला होता. त्याचा एक तुकडा कापला, टोकाला टोक जोडलं आणि फिरवत ठेवला. लोहारकाका म्हणतात तो हॅमरमनचा हात, ते थांबणं, सगळं त्यात गेलं. उरला एकसारखा ठोका. म्हणजे काका म्हणतात तेही बरोबर आणि घण होता हेही बरोबर.

बेसूर

हे मान्य, पण यातून माझीच बाजू भक्कम होते. टेपवर घण घेतला तसाच त्यांनी रेडिओवरचे धर्मोपदेशक, बातम्या, टीव्हीचे संवादही घेतले. ‘रेड मेका’त तर अमेरिकेतले टीव्हीवरचे पाद्री आणि इराणची क्रांती एकाच मिक्सरमधून निघतात. अमेरिकेतल्या पाद्र्यांच्या प्रवचनांत कुणी शेफील्डमध्ये लहानाचं मोठं झालं नव्हतं.

टेकडीवरून

मी शेफील्डमध्येच राहतो, कामानिमित्त. थोडा भूगोल सांगतो, कारण तो या वादात कुणी आणत नाही.

शहर टेकड्यांवर पसरलंय. मोठे पोलाद कारखाने पूर्वेला, डॉन नदीच्या सपाट खोऱ्यात, ॲटरक्लिफ आणि टिन्सलीच्या बाजूला. वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे धूर पूर्वेकडच्या कामगार वस्तीवर जायचा आणि पैसेवाले पश्चिमेच्या टेकड्यांवर राहायचे. कॅबरे व्होल्टेअरने १९७८ च्या आसपास स्वतःचा स्टुडिओ थाटला तो वेस्टर्न वर्क्स, पोर्टोबेलो स्ट्रीटवर. हा भाग विद्यापीठाला लागून, मोठ्या घणांपासून बराच दूर. पण रात्री शहर शांत झालं की खोऱ्यातला आवाज टेकड्यांवर ऐकू यायचा, हे त्या पिढीतले अनेकजण सांगतात, ह्यूमन लीग या इथल्याच बँडचा मार्टिन वेअरसुद्धा. त्यामुळे आवाज नव्हता असं म्हणता येणार नाही.

वेस्टर्न वर्क्सची इमारत आता पाडली आहे. केल्हम आयलंडच्या संग्रहालयात १९०५ चं रिव्हर डॉन इंजिन आहे, १२,००० अश्वशक्तीचं, अजून वाफेवर चालवून दाखवतात. दिशा बदलताना ते ज्या चपळाईने उलटं फिरतं ते बघून लोहारकाकांना गहिवरून येईल.

यॉर्कशायरची_वहिनी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिकडे होतो. हे इस्पितळात, मी घरी लेकाला घेऊन. कॅबरे वगैरे नाव कानावर आलं नाही कधी. ह्यूमन लीग मात्र रेडिओवर सारखं लागायचं.

बसचं म्हणाल तर शंभर टक्के खरं. साउथ यॉर्कशायरमध्ये तिकीट इतकं स्वस्त होतं की लंडनहून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं कंडक्टरने हिशेब चुकवला. दर सत्तरच्या दशकात गोठवले होते आणि १९८६ पर्यंत तसेच राहिले. आम्हाला ‘समाजवादी प्रजासत्ताक’ म्हणून चिडवायचे. पगार होईपर्यंत हात आखडता असायचा, तरी लेकाला घेऊन बसने शहरभर हिंडायचे, ते त्या तिकिटाच्या जिवावर. उंचावरच्या वस्त्यांतली तरुण पोरं रात्री गावात उतरायची तीही त्याच बसने.

जंत्री

‘बंद पडलेले कारखाने, बेकारी आणि म्हणून हे संगीत’ ही दुसरी दंतकथाही याच धाग्यात निकालात काढू या.

बँड जमला १९७३ ला. तेव्हा शेफील्डचं पोलाद चालू होतं. राष्ट्रीय पोलाद संप १९८० च्या जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा, आणि नोकऱ्यांची खरी कत्तल त्यानंतरची. म्हणजे ‘मिक्स-अप’ निघालं तेव्हा त्या खोऱ्यात रात्रपाळ्या भरत होत्या. शिवाय ही मंडळी सुरुवातीला बेकार नव्हतीच. वॉटसन टेलिफोन खात्यात, ह्यूमन लीगचे मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श कॉम्प्युटर ऑपरेटर, फिलिप ओकी इस्पितळात पोर्टर. पहिले सिंथेसायझर नोकरीच्या पगारातून आले.

रिकाम्या व्हायला आधीच लागल्या होत्या त्या सुऱ्या-काट्यांच्या धंद्यातल्या जागा. शेफील्डमध्ये हजारो सुट्टे कारागीर असत, एकजण धार लावणार, एकजण मुठी बसवणार, सगळे एकेका खोलीत भाड्याने. स्टेनलेस स्टील त्याच गावात १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्लीने काढलं, आणि पुढे स्वस्त परदेशी मालाने तो धंदा खाल्ला. विटांच्या भिंतींच्या, फारशी चौकशी न करता भाड्याने मिळणाऱ्या खोल्या उरल्या. तिथे रात्री अकरा वाजता ऑर्गन फझबॉक्समधून (आवाज खरखरीत करणाऱ्या पेटीतून) वाजवला तरी शेजारी भांडायला येत नाही.

काळाचौकी

हे वाचताना गिरणगाव आठवणं साहजिक आहे. १९४४ चं लाल बावटा कलापथक, अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर. तिथे भोंगा, पाळ्या, चाळ हे सगळं थेट गाण्यात आलं.

स्पूलवाला

काळाचौकी, तुलना मोहात पाडणारी आहे, पण इथे उलटं झालंय. कलापथक कामगारांसाठी, कामगारांसमोर गात होतं आणि शब्द मागच्या रांगेपर्यंत कळायलाच हवे होते. मॅलिंडरचा आवाज यंत्रातून इतका पिळून काढलेला असतो की त्याला स्वतःला तरी कळत असेल का, शंका येते. शेफील्डच्या भट्टीवरचा कामगार घरी जाऊन ‘रेड मेका’ लावत नव्हता. तो क्लबात बिअर पीत जुनी गाणी ऐकत होता.

काळाचौकी

म्हणजे कामगारांच्या शहरातलं संगीत, पण कामगारांचं नव्हे. मग ते कुणाचं?

स्पूलवाला

कामगारांच्या मुलांचं, ज्यांना कारखान्यात जायचं नव्हतं. फार मोठा फरक आहे.

टिवटिव

एक साधा प्रश्न. डेफ लेपर्ड, ते हेवी मेटलवाले, तेही शेफील्डचेच ना? १९७७ चे? त्यांनीही तोच घण ऐकला असणार. :-)

बेसूर

टिवटिव, धाग्याचा मानाचा नारळ तुम्हाला. आणि गायक जो कॉकर? आणि १९७८ मध्ये शाळकरी जार्विस कॉकरने काढलेला पल्प हा बँड? एका घणातून एवढे प्रकार निघत असतील तर तो घण नसून कामधेनू आहे.

जंत्री

पालिकेच्या पैशाचं कुणी सविस्तर लिहिलेलं नाही. ‘मीटव्हिसल’ नावाची तरुणांसाठीची नाट्यकार्यशाळा होती, ख्रिस आणि व्हेरोनिका विल्किन्सन चालवायचे, पालिकेच्या मदतीवर. शाळकरी पोरांनी यावं, नाटक करावं, व्हिडिओ कॅमेरा हाताळावा, वाद्यं बडवावीत. ह्यूमन लीग, हेवन १७, क्लॉक डीव्हीए या बँडांतली मंडळी तिथे एकमेकांना भेटली. कॅबरे व्होल्टेअर त्या कंपूबाहेरचे, वयाने थोडे मोठे, पण ओळखी झाल्याच. पॉल बॉवरने ‘गनरबर’ नावाचं फॅन्झीन (चाहत्यांनी घरगुती काढलेलं छोटं नियतकालिक) काढलं, त्यात क्लॉक डीव्हीएचा ॲडी न्यूटनही होता. मार्टिन फ्रायही असंच फॅन्झीन काढायचा. व्हाइस व्हर्सा या बँडची मुलाखत घ्यायला गेला, त्यांनी त्यालाच बँडमध्ये ओढलं आणि पुढे त्यातून एबीसी हा बँड झाला. मुलाखतकार परत आलाच नाही.

फॅन्झीनवाल्यांना आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांचे भाऊबंद म्हणायला माझी हरकत नाही. चार मित्र, सायक्लोस्टाइल, आणि तिसऱ्या अंकानंतर पैसे संपणार.

अस्मानी

या सगळ्यात बायका कुठे आहेत? अख्ख्या धाग्यात आतापर्यंत व्हेरोनिका विल्किन्सन आणि आपल्या वहिनी.

जंत्री

प्रश्न रास्त आहे. गाजलेलं उदाहरण १९८० चं. ह्यूमन लीग फुटलं, वेअर आणि मार्श बाहेर पडून हेवन १७ काढायला गेले, दौरा तोंडावर आलेला. ओकीने क्रेझी डेझी नावाच्या नाइटक्लबात नाचणाऱ्या दोन शाळकरी मुली, जोअ‍ॅन कॅथरॉल आणि सुझन ॲन सली, यांना थेट बँडमध्ये घेतलं. पुढच्या वर्षी ‘डेअर’ हा अल्बम आला आणि जगभर खपला. प्रयोगशील पुरुषांनी माळ्यावर बसून जे केलं नसतं ते त्या दोघींच्या येण्याने झालं असं माझं मत. कर्कभक्तांनी दगड मारावेत.

स्पूलवाला

दगड नाही, पण ‘डेअर’ इथे अवांतर आहे. वेस्टर्न वर्क्सकडे वळू.

या स्टुडिओचं महत्त्व असं की रफ ट्रेडने मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड करायला पाठवण्यापेक्षा मशीन घ्यायला मदत केली आणि यांनी सगळं घरच्या घरी केलं. घड्याळ बघून भाडं भरायचं नाही, त्यामुळे एकच लूप रात्रभर फिरवून बघता यायचा. शिवाय दार उघडं होतं. क्लॉक डीव्हीएची पहिली कॅसेट तिथली. मे १९८० मध्ये गायक इयन कर्टिसने आत्महत्या केल्यावर जॉय डिव्हिजन या बँडचे उरलेले तिघं सप्टेंबरात याच खोलीत आले आणि न्यू ऑर्डर या त्यांच्या नव्या बँडचे अगदी सुरुवातीचे डेमो इथे झाले. गायचं कुणी हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं. कॅबरे व्होल्टेअर आणि जॉय डिव्हिजन यांची ओळख जुनी, १९७८ च्या ‘अ फॅक्टरी सॅम्पल’ या तबकडीत दोघंही होते.

रानवाटा

एक मिनिट. वॉटसन म्हणजे ख्रिस वॉटसन? डेव्हिड ॲटनबरोंच्या वन्यजीव मालिकांसाठी आवाज टिपणारा ख्रिस वॉटसन? मी गेली अनेक वर्षं त्याची पक्ष्यांची रेकॉर्डिंग ऐकतोय!

स्पूलवाला

तोच. १९८१ मध्ये बँड सोडून टाइन टीज टेलिव्हिजनमध्ये ध्वनिमुद्रक झाला, पुढे वन्यजीवांकडे वळला. ‘द लाइफ ऑफ बर्ड्‌स’च्या ध्वनीसाठी बाफ्टा मिळालं.

रानवाटा

धागा सार्थकी लागला. आमच्या पक्षीवाल्यांत तो म्हणजे गुरुस्थानी. लहानपणी आईवडिलांनी टेपरेकॉर्डर दिला तेव्हा त्याने तो पक्ष्यांना दाणे ठेवायच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः घरात येऊन बसला, हे त्याने बऱ्याच ठिकाणी सांगितलंय. माणूस नसताना काय ऐकू येतं हे त्याला तेव्हा कळलं. २०११ चं ‘एल त्रेन फांतास्मा’ जरूर ऐका. मेक्सिकोत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी, आता बंद झालेली रेल्वे. रुळांचे सांधे, ब्रेक, डबे जोडल्याचा दणका, मधेच रानातले किडे. पहिल्यांदा ऐकताना हा पक्षीवाला रेल्वेत का शिरला असं वाटलं होतं. आता उलगडा झाला.

लोहार_भोसरी

रानवाटा, ते रेल्वेचं ऐकलं. या माणसाला लोखंडाचा आवाज कळतो. डबे जोडतानाचा दणका पुढून मागे जातो तो बरोबर पकडलाय. पन्नास वर्षांपूर्वी त्याने घणाचा लूप केला असेल, पण आज त्याला आमच्या शॉपमध्ये उभा केला तर तो हॅमरमनचं थांबणंसुद्धा टिपेल.

टेकडीवरून

पुढची कहाणीही सांगायला हवी, नाहीतर वाटेल १९८१ ला सगळं संपलं. वॉटसन गेल्यावर कर्क आणि मॅलिंडर नाचाच्या संगीताकडे सरकले. १९८३ चा ‘द क्रॅकडाउन’ हा अल्बम, १९८४ चं ‘सेन्सोरिया’ हे गाणं. काहींना ही फितुरी वाटते. मला वाटत नाही, दोघंही पोरवयापासून अमेरिकेतल्या सोल आणि जमैकातल्या डब संगीताचे वेडे होते. १९९० च्या अल्बमसाठी तर थेट शिकागोला जाऊन तिथल्या हाउस या नाचाच्या संगीतातल्या मार्शल जेफरसनबरोबर काम केलं.

तोवर शेफील्डमध्ये नवीन पोरं आली होती. १९८९ मध्ये वॉर्प रेकॉर्ड्‌स इथे सुरू झालं आणि त्यांची पहिलीच तबकडी ‘फोर्जमास्टर्स’ नावाच्या गटाची. शेफील्ड फोर्जमास्टर्स हा इथला पोलाद कारखाना, अजूनही चालू आहे. कर्कनेही डीजे पॅरटबरोबर ‘स्वीट एक्सॉर्सिस्ट’ नावाने वॉर्पसाठी ‘टेस्टोन’ केलं, त्याचा व्हिडिओ करणाऱ्यांत जार्विस कॉकर होता. म्हणजे बेसूर, तुमच्या ‘पत्रकारांनी चिकटवलं’ला आणखी एक खिळा. टेक्नो (यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत) करणाऱ्या पोरांनी कारखान्याचं नाव स्वतःहून कपाळावर लावून घेतलं, आणि तेही कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्यानंतर.

बेसूर

हा मुद्दा घेतो, पण थोडा वळवून. घण कानात घुमत होता तेव्हा १९७३ च्या पोरांना तो टेपवरच्या इतर शंभर आवाजांपैकी एक होता. घण थांबल्यावर, १९८९ मध्ये, तो गावाची निशाणी झाला. दंतकथा आहेच, फक्त ती गावाने स्वतः रचली.

जंत्री

आणि सरकारने तिचं स्मारक बांधलं. लॉटरीच्या पैशांसह दीड कोटी पौंड खर्चून १९९९ मध्ये लोकप्रिय संगीताचं राष्ट्रीय केंद्र उघडलं, पोलादी ढोलांच्या आकाराच्या चार इमारती. पुढच्याच वर्षी बंद. लोक आलेच नाहीत. पुढे ती शेफील्ड हॅलम या दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेची इमारत झाली.

यॉर्कशायरची_वहिनी

त्या पैशात बसचं तिकीट किती वर्षं स्वस्त ठेवता आलं असतं!

टिवटिव

वहिनींना +१. पण मूळ धाग्यातला शेवटचा प्रश्न सगळे विसरले. सुरुवात कुठून करायची? मी ‘मिक्स-अप’ लावलं आणि घरच्यांनी विचारलं, मिक्सर बिघडलाय का?

टेकडीवरून

‘सेन्सोरिया’पासून. ते पचलं की मागे जा. कर्क २०२१ मध्ये गेला, त्याआधी २०२० मध्ये एकट्याने ‘शॅडो ऑफ फिअर’ काढलं, ते सर्वांत शेवटी. मॅलिंडर आणि वॉटसन पहिल्या कार्यक्रमाच्या पन्नाशीच्या निमित्ताने २०२५ मध्ये पुन्हा मंचावर आले, त्या ध्वनिचित्रफिती मिळाल्या तर बघा.

स्पूलवाला

सेन्सोरियापासून मागे जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, तो तिथेच नाचत राहतो. ‘रेड मेका’ घ्या, सलग, मधली गाणी न वगळता. पहिलं आणि शेवटचं ‘टच ऑफ इव्हिल’ या सिनेमाच्या हेन्री मॅन्सिनीने केलेल्या संगीतावरचं आहे, म्हणजे आत शिरायला आणि बाहेर पडायला ओळखीचं दार मिळतं. आणि टिवटिव, फोनच्या स्पीकरवर नको. मॅलिंडरचा बास त्यात ऐकूच येत नाही, मग खरंच मिक्सर उरतो.